आईला दौलताबादला नेलं

छावणी, औरंगाबाद
ता. २३ नोव्हेंबर १९५८, रविवार

प्रिय अनसूयाअक्का,

तुला, तात्यासाहेबांना आणि लेकरांना येशूच्या नावानं सलाम. आम्ही इथं बरे आहोत. थंडी पडायला लागलीय. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, माझ्या वर्गात नव्या मुली आल्यात, त्यांना अजून एका जागी बसायची सवय नाही. तुझ्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे? तिळाचं तेल कोमट करून लावत जा.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. दोन्हीत तू तेच विचारलंस. आईची तब्येत कशी आहे, तिनं प्रभुभोजन घेतलं का, आणि लक्ष्मण आला होता का. उत्तर लिहायला मी कितीदा बसले आणि उठले. आज उपासना झाल्यावर मंदिर झाडून घ्यायचं म्हणून हे मागं थांबलेत. तेवढ्यात लिहून टाकते.

काही गोष्टी तुला माहीत आहेत, तरी पहिल्यापासून सांगते, म्हणजे मधलं काही सुटायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी आपल्या लक्ष्मणानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आई त्याच्याकडंच दौलताबादला राहत होती. पांढरं लुगडं नेसून तीही त्याच्या शेजारी बसली. तू तेव्हापासून तिला पत्र टाकणं सोडलंस. मी सोडलं नाही, पण दौलताबादला जाणं कमी केलं. यांना तर ते फार लागलं. दौलताबादकडची सगळी गावं यांच्या फेरीतली. प्रचारकाची सासू आणि मेव्हणाच ख्रिस्ती मंडळी सोडून गेले, आता हा आम्हाला काय सांगणार, असं लोक तोंडावर म्हणायचे. त्या रागात शहागंजच्या घड्याळापाशी लक्ष्मण भेटला, तर हे भर बाजारात त्याला म्हणाले, “बापाचं नाव घालवलंस, म्हातारीलाही बाटवलंस. माझ्या दारात पाय ठेवू नकोस.”

लक्ष्मण एवढंच म्हणाला, “बाबा ख्रिस्ती झाले तेव्हा गावानं त्यांनाबी हाच शब्द लावला होता, दाजी.” आणि गेला. त्यानंतर तो आमच्या मिशनच्या आवाराच्या फाटकापर्यंतही आला नाही.

गणपतीच्या सुमारास आईचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. लक्ष्मणानं तिला दवाखान्यात आणलं. दगडाबाई, त्याची बायको, तिच्याजवळ राहिली. दवाखान्यातून सोडलं तेव्हा तिला मी माझ्याकडं आणलं, कारण डॉक्टरीणबाई आठवड्याला बघणार होत्या. तुला मी लिहिलं होतं की अशक्तपणा आहे, टॉनिक दिलंय. ते खरं नव्हतं अक्का. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की लिव्हर गेलंय, खाईल ते खाऊ घाला.

इकडं मंडळीत आनंद झाला. आवडाबाई परत आली, असं काकासाहेबांनी उपासनेत उभं राहून सांगितलं. ते मोठे पंच, त्यांनी सांगितलं म्हणजे ठरलंच. पाळकसाहेबांनी घरी येऊन प्रभुभोजन द्यायचा दिवस ठरवला. मलाही आनंद झाला होता, हे तुझ्यापासून लपवत नाही. पोलीस अॅक्शनच्या साली बाबा गेले तेव्हा त्यांच्या कबरीशेजारी जागा सोडली होती ना, ती मी जाऊन बघून आले. गवत माजलं होतं, ते काढायला सांगितलं.

ठरल्या दिवशी पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन आले. बाहेरच्या खोलीत पंच बसले होते. आईला आम्ही उशी लावून बसतं केलं. तिनं प्याल्याला नमस्कार केला आणि म्हणाली, “पाळकसाहेब, येशूवर माझा राग नाय. पर मी लेकासंगं गेले ती समजून उमजून गेले. आता मरताना तुमाला बरं वाटावं म्हून खोटं कशी बोलू? माझ्या लक्ष्मणाला बोलवा.”

पाळकसाहेबांनी प्याला झाकला. तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि निघाले. तो माणूस भला आहे. काकासाहेब दारातून म्हणाले की तापात बरळतेय, दोन दिवसांनी पुन्हा येऊ. तिला ताप नव्हता.

सगळे गेल्यावर हे मांडीवर पवित्र शास्त्र घेऊन बसले, पण उघडलं नाही. इथवर वाचून तुला वाटेल की मी लक्ष्मणाची बाजू घेतली असेल. तसं नाही. मीच यांना म्हणाले, “त्याला नका कळवू. दोन दिवसांत ऐकेल ती.”

यांनी शास्त्र बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “द्वारका, ती खोटं बोलत नाही. आपण तिला बोलायला लावतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून हे गेले. कुठं ते मला सांगितलं नाही. पडेगावपर्यंत जाऊन माघारी फिरले होते, तिथल्या चिंचेखाली बसून राहिले आणि मग पुन्हा निघाले, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. लक्ष्मणाच्या दारात काय झालं ते दगडाबाईनं सांगितलं. वस्तीतली माणसं कामाला निघायच्या आधी त्याच्या दारासमोरच्या पारावर जमलेली असतात. लक्ष्मण रस्त्याच्या कामावर मुकादम आहे, तोही तिथंच होता. यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “शहागंजात चारचौघांत बोललो होतो, म्हणून माघारही चारचौघांतच घेतो. माझं चुकलं.” आणि त्याच्या पायाशी वाकले.

लक्ष्मणानं दोन्ही दंड धरून यांना उभं केलं. “पाया पडणं आमी सोडलंय, दाजी. कुणाला पडू बी देत नाय. उभं राहून सांगा काय ते.”

हे म्हणाले, “आई बोलावतेय.”

लक्ष्मण आला. मधली दोन वर्षं त्याच्या डोक्यात पांढऱ्या केसांनी दिसत होती. आईनं त्याचा हात धरला आणि घरी ने म्हणाली. घरी म्हणजे दौलताबादला. अक्का, मी त्या वेळी पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात उभी होते. माझ्या घरात एवढे दिवस मी तिचं सगळं केलं, आणि ते तिला घर वाटलं नाही. हे मनातून अजून जात नाही.

टांगा मागवला. आईला मागच्या बाजूला गादीवर निजवलं, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. आवाराच्या फाटकात काकासाहेब आणि आणखी काही जण उभे होते, फाटक लावून. काकासाहेब यांना म्हणाले, “पुंजाराम, ही मंडळीतली बाप्तिस्मा झालेली बाई आहे. टांगा बाहेर गेला तर तुम्ही प्रचारक राहणार नाही.”

लक्ष्मणानं खाली उडी मारली. त्याची मूठ वळलेली मला दिसली. दौलताबादहून त्याच्याबरोबर आलेली दोन माणसं पुढं सरकली. टांगेवाला लगाम धरून इकडंतिकडं बघायला लागला. मला वाटलं, आता आईच्या डोळ्यांसमोर रक्त सांडणार. तेवढ्यात हे मधे जाऊन उभे राहिले, लक्ष्मणाकडं पाठ करून, काकासाहेबांपुढं हात जोडून. म्हणाले, “तुम्ही स्वतः आईला विचारा. ती राहते म्हणाली तर मी टांगा फिरवतो.”

कुणी विचारलं नाही. काकासाहेब टांग्याजवळ आले, आईकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्यांच्या बायकोच्या बाळंतपणात आई महिनाभर त्यांच्याकडं राबली होती. आई आतून म्हणाली, “चला रं, ऊन लागतंय मला.” मग त्यांनी स्वतःच फाटक उघडलं. हे सायकल हातात धरून टांग्याच्या बाजूनं चालत आले. सगळी वाट.

मी रजा टाकून तिथंच राहिले. आईला तिथं बरं वाटायचं. शेजारच्या बायका येऊन बसायच्या. दगडाबाई तिला पेज भरवायची, अंग पुसायची, आणि मला म्हणायची, तुमी बसा वन्स, तुमी थकलाव.

आणि अक्का, आई गेली. दिवाळीच्या सुट्टीत, सकाळी, दगडाबाई तिचे केस विंचरत होती तेव्हा.

लक्ष्मणाच्या वस्तीतल्या लोकांनी बुद्धवंदना म्हटली आणि अग्नी दिला. यांनी खांदा दिला. तिथं कुणीतरी लक्ष्मणाला विचारलं की प्रचारकांना दोन शब्द बोलायचे आहेत का. लक्ष्मणानं यांच्याकडं बघितलं. यांनी मान हलवली. “आज मी ऐकायला आलोय,” म्हणाले. मी बायकांत उभी राहून मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले. तुझ्या इच्छेप्रमाणं होवो म्हणतो ना आपण, तिथवर आले आणि पुढं जाता येईना. बाबांच्या शेजारची ती जागा डोळ्यांपुढं येत होती. आता ती तशीच राहणार.

इथं परतल्यावर पंच बसले. यांचं उपदेश करणं बंद केलं. मंदिर झाडायचं, दिवे पुसायचे, घंटा वाजवायची, एवढं काम ठेवलं. उपासनेला शेवटच्या बाकावर बसायचं. हे सगळ्याला हो म्हणाले. मला ते बघवत नाही. ज्या दारात उभं राहून हे लोकांना आशीर्वाद द्यायचे, तिथंच काकासाहेब चपला काढतात आणि हे बाजूचा केर भरतात. गेल्या रविवारी मी भांडून यांच्या हातातला झाडू ओढला. हे म्हणाले, “हे काम त्यांनी शिक्षा म्हणून दिलंय, ते खरं आहे. मी ते शिक्षा म्हणून करत नाही. दे इकडं.”

मी दिला. पण मला तसं करता येणार नाही, अक्का. माझ्या मनात अजून काकासाहेबांशी रोज भांडण चालतं.

पुढच्या महिन्यात यांच्या नोकरीचा निकाल करायला नगरहून मिशनचं मंडळ येणार आहे, आणि त्यात तात्यासाहेब आहेत असं कळलं. सासूच्या हट्टापुढं नाइलाज झाला, एवढं लिहून द्या, सगळं मिटेल, असा निरोप आलाय. हे लिहून देणार नाहीत. नाइलाज नव्हता म्हणतात, मीच टांगा बोलावला. नोकरी गेली तर आवारातलं हे घरही जाईल. मी तात्यासाहेबांकडं रदबदली मागत नाही. त्यांनी निकाल द्यायच्या आधी खरं काय झालं ते त्यांना घरातूनच कळावं, एवढंच.

आता राहिलेलं लिहिते.

तुला तार का केली नाही, हे तू विचारशील. तारऑफिस बंद होतं असं लिहायचं मी ठरवलं होतं. बंद नव्हतं. मी केली नाही. पहिल्यांदा वाटलं, तुम्ही दोघं याल आणि आईला इथंच ठेवून घ्याल. मग दौलताबादला गेल्यावर वाटलं, तिथं येऊन तू लक्ष्मणाशी भांडशील. पण हेही पुरतं खरं नाही. तुझ्यासमोर मला त्या घरात बसायचं नव्हतं. तू काय म्हणशील याची मला लाज वाटत होती.

आई रोज तुझं विचारायची. लक्ष्मणाच्या घरातून रेल्वेची शिटी ऐकू येते. शिटी झाली की विचारायची, “अनसू आली का गं?” मी तिला सांगायची, तार केलीय, निघालीय ती, मनमाडला गाडी चुकली असंल. ती दगडाबाईला दार उघडं ठेवायला लावायची. तिनं पाळकसाहेबांशी खोटं बोलायचं नाकारलं, आणि मी तिच्याशी शेवटपर्यंत खोटंच बोलत राहिले. शेवटच्या सकाळीही तिनं विचारलं, आणि मी तेच उत्तर दिलं.

यांनी एकदा ते ऐकलं होतं. काल म्हणाले, “अक्काला हे सांगशील?”

मला माफ कर असं लिहायचा धीर होत नाही. तुझ्या हातून काय गेलं ते मला माहीत आहे. पत्र वाचून तुला उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर देऊ नकोस. पण तिथं जावंसं वाटलं तर माझ्यासाठी थांबू नकोस. लक्ष्मणाला दोन ओळी टाक, तो दौलताबादच्या स्टेशनवर तुला घ्यायला येईल. त्यानं तसं मला सांगायला लावलंय.

तुला आईपाशी येऊ न दिलेली,
तुझी धाकटी बहीण
द्वारका