बदामची राणी

पुरुषोत्तमनगर, ६ एप्रिल २०२५

चि. चंदन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलले तर तुझी प्रतिभा स्पीकर लावून ऐकते, म्हणून हे पत्र जीपवाल्याच्या हाती धडगावला पाठवतेय. तिला दाखवू नकोस.

आबांच्या तेराव्यानंतर मायनं तो जुना पत्त्यांचा जोड इद्रिसचाचांना त्यांच्या शहाद्याच्या दुकानी दिला होता, नवी लाकडी पेटी करायला. तोच रे, बावन्न पानांचा, राजे, राण्या, सरदार असलेला, आबांच्या आजोबांपासूनचा. परवा मी लोणखेड्याला गेले तेव्हा पेटी आलेली होती. फार सुरेख केलीय. सहज पानं मोजली तर एक्कावन्न. बदामची राणी नाही. मायला विचारलं तर म्हणाली, असंन कुठे, आणि चुलीकडे गेली.

मला काही हे सरळ दिसत नाही. सुरतचा तो संग्रहालयवाला आठवतो? त्यानं त्याच राणीचा फोटो दोनदा काढला होता, आणि तेव्हा चाचा शेजारीच बसले होते. आता तुलाही विचारते, रागावू नको. तेराव्याला जोड चाळत तूही बसला होतास ना?

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो टिकव म्हणजे झालं.
तुझी ताई,
रोहिणी

धडगाव, ११ एप्रिल २०२५

ती. रोहिणीताईस,
चंदनचा सा. न. वि. वि.

वा ताई! बाप गेला आणि भाऊ चोर झाला. मी पानं चाळली ती आबांच्या बोटांचे डाग बघायला. चाळीस वर्षं दर आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या दिवशी, आबा आणि चाचा तोच जोड खेळत आले. मोजायचं मला सुचलंही नाही.

पण एक सांगतो. तिरडी बांधताना चाचांनी आबांच्या अंगावरचं पांढरं कापड सारखं केलं, आणि लगेच माय त्यांच्या कानाशी लागली. चाचांनी मान डोलावली. तेव्हापासून ते मायसमोर डोळे वर करत नाहीत. कुठेतरी पाणी मुरतंय. मायला विचारून फायदा नाही, ती त्यांनाच सांभाळून घेईल. तू सरळ त्यांच्या दुकानी जा आणि चारचौघांत विचार. एकट्यात विचारलं तर माणूस गोड बोलून वाटेला लावतो.

प्रतिभाचा नमस्कार. (पत्र तिनं वाचलं. स्पीकरचं वाक्य लागलंय.) राग सोडा, माया राहू द्या.
आपला,
चंदन

लोणखेडा, २२ एप्रिल २०२५

चि. रोहिणी आणि चि. चंदन यांस,
दगूबाईचे आशीर्वाद. एकच मजकूर दोघांना लिहिलाय.

आखाजी आठ दिवसांवर आली तरी इद्रिसभाऊ फिरकले नाहीत, म्हणून मी काल शहाद्याला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या घरवालीनं, अंजुमनं, पाणी दिलं, पण तोंड फिरवून. मग तिनंच सांगितलं. रोहिणी दुकानी आली, गिऱ्हाइकांसमोर पान मागितलं, आणि त्या माणसानं सगळ्यांदेखत आपले खिसे उलटे करून दाखवले. त्या दिवसापासून दुकान बंद आहे.

पान मी घेतलं. ती राणी हाती आली की तुमचे आबा म्हणायचे, हाई मन्ही दगू शे, आणि डाव हरले तरी टाकायचे नाहीत. माणूस एकटा निघाला होता, मला राहवलं नाही. कापडाखाली त्यांच्या हातात दिलं. कापडाला हात लावताना इद्रिसभाऊंना ते दिसलं. मी त्यांना आबांची शपथ घातली. भाऊबंदांना कळलं असतं तर म्हणाले असते, बाई वेडी झाली, मढ्याच्या हातात पत्ते देते. रोहिणीनं विचारलं तेव्हा मला लाज वाटली, म्हणून उडवून लावलं. माझी चूक तेवढी, बाकीची तुमची.

मी दारातून हाक मारली. ते बाहेर आले नाहीत. आतूनच बोलले,

“पोरेसले सांगू नका भाभी, त्यासना जीव दुखी.”

मी सांगितलंय. दुखू दे. माझे आशीर्वाद आहेतच, पण ते घ्यायला घरी येण्याआधी दोघांनी त्यांच्या दाराशी जाऊन या.

तुमची,
माय