एकोणीस रकाने

६ जानेवारी २०२५, सोमवार
संकल्प एकच. ३१ मार्चपर्यंत ऑफिस पेपरलेस.
तेजल मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. लवूकाका एप्रिलअखेर रिटायर होतायत, त्यांच्यानंतर रेकॉर्डचं काय, सुबोध तू बघ, म्हणाल्या. ‘तू बघ’ म्हणजे जनरल मॅनेजर. तसं त्या बोलल्या नाहीत, पण मला माणसं कळतात.
पुढेमागे आठवणी लिहायची वेळ आली तर संदर्भ असावा म्हणून नोंद: आपली कंपनी लिफ्ट मेंटेनन्सची. तेजल मॅडम मालक, मी ऑफिस मॅनेजर. ऑफिस घाटकोपरला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दोन गाळे. सोसायट्या विक्रोळी ते मुलुंड, दोनशे चाळीस. दर सर्व्हिसला मेकॅनिक एक स्लिप भरतो, सोसायटीचा सेक्रेटरी सही करतो, कार्बन कॉपी ऑफिसात येते. अशा एकवीस वर्षांच्या स्लिपा लवूकाकांच्या सहा कपाटांत आहेत. पद्धत कसली म्हणून नाही.

९ जानेवारी
सॉफ्टवेअर निवड समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. सदस्य तूर्त नाहीत. निर्णय जलद होतील.

२० जानेवारी
सात सॉफ्टवेअर, चौसष्ट निकष, एक्सेल शीट. रंग चार. सुलक्षणाला घरी दाखवलं. ती म्हणाली, आपल्याच लग्नाचं सर्टिफिकेट कुठंय ते आधी सांग. बायकोला एंटरप्राइझ लेव्हलचा विचार झेपत नाही.

२७ जानेवारी
लवूकाकांची परीक्षा घेतली. मुद्दाम अवघड विचारलं: २०११, भांडुप, गणेशोत्सवाच्या आसपासची कुठलीही एक स्लिप. एका हातात चहा, दुसऱ्या हाताने तिसऱ्या कपाटातून काढून दिली. चाळीस सेकंद. मी विचारलं, हे लावलंय कशाच्या क्रमाने? तर म्हणाले, “सेक्रेटरीच्या. बिल्डिंगीची नावां बदलतत, सेक्रेटरीची सही बदलना नाय. कागद ध्यानात ठेवक होयो, सायबानू.”
सेक्रेटरीच्या क्रमाने! हसू आवरलं. ठीक आहे, सापडली. पण हे स्केलेबल नाही.

३ फेब्रुवारी, दु. ४
पवईच्या कंपनीची अपूर्वा डेमो देऊन गेली. सॉफ्टवेअरचं नाव ‘दस्तसेतू’. तिने एक शब्द टाइप केला, शून्य पूर्णांक चार सेकंदांत कागद स्क्रीनवर. टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी एकट्याने वाजवल्यासुद्धा.
ती म्हणत होती, तुमच्याच शंभर स्लिपा द्या, त्यांच्यावर ट्राय करू. मी नको म्हटलं. आमच्या स्लिपांना ऑइलचे डाग, कार्बन फिका, अक्षर मेकॅनिकचं. एवढ्या चांगल्या सॉफ्टवेअरसमोर ते बरं दिसत नाही.
निवड पक्की. बाकी सहांचे डेमो बघण्यात वेळ घालवणार नाही.

१४ फेब्रुवारी
अपूर्वाशी किरकोळ मतभेद. कागद चढवताना किती रकाने भरणं सक्तीचं ठेवायचं? ती म्हणते पाच पुरेत: सोसायटी, तारीख, मेकॅनिक, काम, शेरा. मी एकोणीस केले. वॉर्ड, पिनकोड, लिफ्टचा मेक, दरवाजाचा प्रकार, हवामान. माहिती कधी जास्त होत नसते. “सर, लोक भरणार नाहीत,” म्हणाली. पोरगी हुशार आहे, पण माणसांना शिस्त कशी लावायची याचा अनुभव नाही.

३ मार्च
मेकॅनिक लोकांनी नव्या-जुन्या स्लिपांचे फोटो अपलोड करायला सुरुवात केली. झकास वेग. सायंकाळी तपासलं तर सगळ्या रकान्यांत नुसतं टिंब. एकोणीस टिंबं दिली की सॉफ्टवेअर पुढे जाऊ देतं, हा शोध कुणी लावला ते सांगायला कोणी तयार नाही.
तत्काळ सर्क्युलर काढलं: टिंब चालणार नाही.

५ मार्च
आता सगळीकडे ‘एन ए’, म्हणजे ‘लागू नाही’.
दुसरं सर्क्युलर काढावं का? नको. टिंबापेक्षा निदान अक्षरं आहेत. प्रगती आहे.

१७ मार्च
कुंडलिक आला होता. सगळ्यात जुना मेकॅनिक, सोळा वर्षं. म्हणाला, “सर, सहा सोसायट्या करायच्या का हे भरत बसायचं? एका स्लिपला पंधरा मिनिटं जातात. मी खरं भरतो म्हणून मलाच लागतात.” मी त्याला बदलाच्या व्यवस्थापनाबद्दल समजावलं. त्याने ऐकून घेतलं. शेवटी फेब्रुवारीच्या उरलेल्या स्लिपांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि नाहूरला गेला. लिफ्ट बंद पडली होती म्हणे. निमित्त!

२७ मार्च
चार दिवस उरले आणि नऊशे स्लिपा बाकी. शेवटी मीच बसलो. लीडरने उदाहरण घालून द्यावं लागतं. दुपारी दोन ते सहा, नऊशेच्या नऊशे. कंपनीचा विक्रम. प्रत्येक रकान्यात काय भरलं ते इथे लिहीत बसण्याची गरज नाही. कुठलाही रकाना रिकामा नाही.

२८ मार्च
पाडव्याच्या आधी श्रेडिंगची गाडी बोलावली. सहाही कपाटं रिकामी. एकवीस वर्षं पाऊण तासात बारीक झाली. लवूकाका गाडीजवळ उभे राहून बघत होते. मी म्हटलं, काका, आता सगळं क्लाउडमध्ये. ते वर बघून म्हणाले, “गडगडताहा.” आभाळ स्वच्छ होतं.
तेजल मॅडमना मेल: मिशन अकम्प्लिश्ड. उत्तर आलं: अंगठा.

७ एप्रिल, सोमवार
वाईट बातमी. शनिवारी नाहूरच्या नवआनंद सोसायटीची लिफ्ट मजल्याच्या फूटभर वर थांबली. एक बाई उतरताना पडल्या, घोटा मोडला. सोसायटीच्या वकिलाचं पत्र आलं: ब्रेक झिजलाय हे कंपनीने कधी कळवलंच नाही. लिफ्ट कुंडलिककडची.
कुंडलिक म्हणतो, फेब्रुवारीच्या स्लिपवर लिहून दिलं होतं, ‘ब्रेक लायनिंग झिजली आहे, बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवा’, आणि सेक्रेटरींची सही घेतली होती. सोसायटी म्हणते, आमच्याकडे अशी कॉपी नाही.
दहा दिवसांत स्लिप दाखवायची, नाहीतर कंपनीवर केस आणि कुंडलिकची नोकरी जाणार. अगदी काळजी नाही. दस्तसेतू याच दिवसासाठी घेतलंय. मॅडमना म्हटलं, पाच मिनिटं द्या.

तोच दिवस, संध्या. ७
‘नाहूर’ शोधलं: शून्य. ‘नवआनंद’: शून्य. ‘ब्रेक’: शून्य. ‘कुंडलिक’: एकशे चार, सगळ्या जानेवारीपर्यंतच्या. ‘एन ए’: नऊ हजार दोनशे चौदा, शून्य पूर्णांक तीन सेकंदांत.
वेग मात्र वाखाणण्यासारखा.

८ एप्रिल
कुंडलिकचं सस्पेन्शन लेटर माझ्या सहीने गेलं. प्रक्रिया म्हणजे प्रक्रिया. तो म्हणाला, “सोळा वर्षांत एक लिफ्ट पडली नाही माझी. आता शेजारी विचारतात, सुट्टीवर आहे का. काय सांगू, सर?” मी म्हटलं, सिस्टीमवर विश्वास ठेव. स्लिप त्याने अपलोडच केली नसेल, असा माझा अंदाज आहे. या लोकांना शिस्त नाही, हे मी फेब्रुवारीपासून सांगतोय.

११ एप्रिल
सगळं ऑफिस स्क्रीनसमोर बसून एकेक स्लिप डोळ्यांनी बघतंय. चार दिवसांत अडीच हजार झाल्या. अपूर्वाही पवईहून येऊन बसते. पाच रकान्यांबद्दल अजून एक शब्द बोललेली नाही. हे मला जास्त लागतं.

१६ एप्रिल, बुधवार
उद्या शेवटची तारीख. दुपारी तेजल मॅडमनी लवूकाकांना स्क्रीनसमोर बसवलं. मी म्हटलं, त्यांना माउस येत नाही. मॅडम म्हणाल्या, माउस तू धर.
धरला. काका चष्मा पुसून बसले. एका वेळी चाळीस स्लिपा, प्रत्येक नखाएवढी. “फुडे. फुडे. फुडे.” दोन तास माझं बोट आणि त्यांचा आवाज. मग म्हणाले, “थांब. ही नवआनंदाच्या सेक्रेटरीची सही. शेवटाक शेपूट काढता तो.” मोठी केली. फेब्रुवारी अठरा. कुंडलिकचं अक्षर: ब्रेक लायनिंग झिजली आहे, बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवा.
ऑफिसात आरडाओरडा झाला. मॅडमनी स्वतः कुंडलिकला फोन लावला. मीही टाळ्या वाजवल्या.
फोन ठेवून मॅडमनी अपूर्वाला विचारलं, ही एन ए म्हणून कुणी चढवली? मी म्हटलं, आता तो विषय कशाला, पुढे बघू. अपूर्वाने एक बटण दाबलं. सॉफ्टवेअरला तेवढं बरोबर ठाऊक असतं म्हणे. २७ मार्च, पाच वाजून एक्केचाळीस मिनिटं. खाली माझं नाव.
मी म्हटलं, सिस्टीम एरर असेल. अपूर्वा म्हणाली, “नाही, सर.” एवढंच. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.
कुंडलिकचा गठ्ठा होता तो. लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.

३० एप्रिल
लवूकाकांचा निरोप समारंभ रद्द. त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ. रकाने पाच झाले. सगळ्या स्लिपांना ते पुन्हा भरायचे. काका सांगणार, मी टाइप करणार. टेबल त्यांच्या शेजारी हलवलंय. मॅडम म्हणाल्या, सुबोध, तू शिक. ‘तू शिक’चा अर्थ काय होतो याचा विचार केला, मग सोडून दिला.
कुंडलिक परत कामावर आल्यापासून मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. आज तो समोर आला. मी तोंड उघडायच्या आत त्याने एक स्लिप पुढे केली. आपल्या इस्टेटच्या माललिफ्टची सर्व्हिस झाली होती, ऑफिसतर्फे सही हवी होती. मी केली. तो स्लिप घेऊन वळला, मग थांबला आणि परत टेबलावर ठेवली.
म्हणाला, “सर, खाली नाव पण लिहा. पूर्ण.”
लिहिलं.