हुल्डाचं मरण कोणी ठरवलं

४ मार्च
पुन्हा गुलाबी पानं आली. सिनेमावाल्यांची ही रीतच – पटकथेत बदल केला की कागदाचा रंगही बदलायचा. पांढरी झाली, निळी झाली, आता गुलाबी. पान ६१: होडीवाली हुल्डा बर्फाळ ड्रॅगनच्या तावडीतून सुटून काठाला लागते. जिवंत!
माझ्या कादंबरीत ती नवव्या प्रकरणात बुडते. चाळीस वर्षं बुडतेय. वाचक अजून पत्रांतून रडतात.
करारात मी एकच कलम हट्टाने घालून घेतलंय – कोण जगणार, कोण मरणार, ते लेखिका ठरवणार. लाल शाईने समासात लिहिलं: 'बुडवा.'

५ मार्च
रविवार, म्हणजे थोरल्या बहिणीकडे, आर्डिसकडे जेवण. जंगली तांदळाचं सूप आणि टोमणे. हुल्डा म्हणजे आमची आर्डिसच, हे अख्ख्या डलुथ गावाला ठाऊक आहे. तोंडात तोच पाइप, तीच होडी, त्याच शिव्या.
आज म्हणाली, "सख्ख्या बहिणीला बुडवून नाव कमावलंस. आता ती पटकथा लिहिणारी परकी पोरगी मला वर काढतेय, तर तिलाही आडवी येतेस?"
म्हटलं, "लेखकाच्या इच्छेला काही मान आहे की नाही?"
"आहे की. सूप घे."
मी केक न खाताच उठून आले. सफरचंदाचा होता. चूक झाली.

७ मार्च
लॉस एंजलिसहून जोसलिनचा फोन. पटकथा तिची, वय जेमतेम तीस.
"व्हर्नाबाई, हुल्डा मेली तर गोष्टीतल्या मुलांना तळ्यापलीकडे कोण नेणार?"
"पोहत जातील."
"मार्चच्या गारठलेल्या पाण्यात?"
मग म्हणाली, सोमवारी त्या दृश्याचं शूटिंग आहे, तुमची सही हवी, मी स्वतः येते. ये म्हटलं. थंडीने तरी शहाणी होईल.

८ मार्च
ड्रॅगन हिरव्याचा निळा केला, मी बोलले नाही. राजपुत्राची राजकन्या केली, उलट बरंच झालं. पण मरण बदललं की गोष्टच बदलते. मी उगाच हटून बसलेली नाही.

१० मार्च
जोसलिन आली, पातळ कोटात कुडकुडत. येताना विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन आली होती. माझी जुनी बाडं मी तिथे देऊन टाकली आहेत – अडगळ कमी व्हावी म्हणून, उघडूनसुद्धा न बघता.
तिने टेबलावर एका पानाची प्रत ठेवली. पहिला खर्डा, प्रकरण नऊ. हुल्डा काठाला लागते, पाइपमधलं पाणी झटकते आणि ड्रॅगनला एक सणसणीत शिवी हासडते. समासात माझ्या संपादकाची पेन्सिल: 'ही मेली तर पुस्तक गाजेल.' खाली माझं अक्षर, बारीक, भित्रं: 'तुम्ही म्हणाल तसं.'
मला आठवतच नव्हतं. शपथ! चाळीस वर्षं जिच्यासाठी भांडले, ती इच्छा माझी नव्हतीच. फार लाज वाटली. जोसलिन कॉफी पीत बसली. मी 'बुडवा' खोडलं आणि गुलाबी पानावर सही केली.

११ मार्च
आर्डिसला फोन केला. म्हटलं, "पहिल्या खर्ड्यात तू मेली नव्हतीस गं. काठाला लागली होतीस."
"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तो खर्डा टाइप कोणी करून दिला होता तुला?"