मोटारखान्यातली शेगडी

लोणावळे, ता. १२ नोव्हेंबर १९३८
॥ श्री ॥

चि. सौ. बयाबाई हीस दादाचा अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व क्षेम आहे, माझे गुडघे सोडून. हे पत्र तुला दत्तोबाच वाचून दाखवणार, तेव्हा त्यांनीही नीट कान देऊन ऐकावे.

भाऊबीजेला तुम्ही दोघे येऊन गेलात, बरे वाटले. पण तुझ्या नवऱ्याने आमच्या माधवरावसाहेबांपुढे जे ज्ञान पाजळले त्याची फळे मी भोगतो आहे. साहेबांनी मोटार विकल्यावर रिकाम्या मोटारखान्यात माशांच्या चार टाक्या कोणी उभ्या केल्या? मी. सांगाडे लोहाराचे, पण काचा मी बसवल्या, शेंदूर आणि जवसाच्या तेलाची लांबी फटींत माझ्या बोटांनी भरली. एकेक टाकी माणूस आत निजेल एवढी. ते उभे चपटे परदेशी मासे, ज्यांना मी बाशिंगवाले म्हणतो, तीन वर्षे माझ्या हातून खातात. आणि दत्तोबा एक दुपार आले, काचेवर टिचकी मारली आणि म्हणाले की टाकीखाली कंदील ठेवाल तर काच तडकेल. आग भिंतीबाहेर ठेवा, ऊब नळाने आत आणा. झाले! साहेब आता दिवसाआड विचारतात की तुमचे इंजिनशेडवाले मेहुणे पुन्हा कधी येणार. मी चाकर, मला तीन वर्षांत चहा विचारला नाही. त्यांना कपबशीतून दिला.

साहेब दीड महिना मुंबईस लेकीकडे चालले आहेत. नाताळात परत येऊन मासे दत्तोबांच्या हवाली करावे की काय ते ठरवू, असे परवा बोलले. त्या दिवसापासून घास गोड लागत नाही. पोटातली माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
कोंडाजी

वडगाव मावळ, ता. २० नोव्हेंबर १९३८
॥ श्री ॥

ती. दादास बयाचा शि. सा. न. वि. वि. पत्र ह्यांनी वाचून दाखवले. तुझा टोमणा आला की हे खोकतात आणि पुढची ओळ घेतात, त्यामुळे टोमणा कुठे होता ते मला बरोबर कळते.

दादा, तुझा स्वभाव काही जात नाही. लहानपणी आईने मला आधी वाढले की तू ताटावरून उठायचास. आता साठी उलटली आणि रुसतोस कोणावर, तर जावयावर. ह्यांनी तीस वर्षे इंजिनांची पाणी तापवायची कामे केली, तोंडातून निघाले ते सवयीने. आमच्याकडचा जुना बंब घेऊन येऊ का, असे हे विचारतात. वहिनीस नमस्कार सांग. आम्हांवर राग असला तरी लोभ त्याहून जास्त असू दे.

तुझी, बया

लोणावळे, ता. ४ डिसेंबर १९३८
॥ श्री ॥

चि. सौ. बयाबाई हीस आशीर्वाद. वि. वि. बंब नको. येथे कडाका पडला आहे, वलवणच्या धरणावरून वारा येतो तो सुईसारखा. एका टाकीची काच कंदिलावर तडकली. ती काच मुळातच जुनी होती, हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे. मासे कोपऱ्यात गोळा होऊन राहतात.

मला एक युक्ती सुचली आहे आणि ती कोणी शिकवलेली नाही. तू उभ्या वडगावातल्या बाळंतिणी शेकतेस. बाजेखाली शेगडी, दाराला गोधडी, खोली कशी उबदार राहते! मासे तरी बाळंतिणीहून काय वेगळे? टाक्यांच्या मधे कोळशाच्या दोन शेगड्या ठेवतो आणि मोटारखान्याच्या दाराच्या फटी गोणपाटाने बुजवतो. विठाबाई म्हणते की तुमी मासं पाळलंत का जावई आणलंत. बायकोही दत्तोबांच्याच बाजूची. शेगडीत किती कोळसा घालावा तेवढे कळव. तू कळव.

कोंडाजी

वडगाव मावळ, ता. ९ डिसेंबर १९३८
॥ श्री ॥

ती. दादास शि. सा. न. वि. वि. तुझे पत्र ऐकून जीव थाऱ्यावर नाही. बाळंतिणीच्या खोलीत मी शेगडी नेते ती बाहेर अंगणात फुलवून, लाल निखारे झाल्यावर. आणि आधी दोन कौले सरकवते, दाराखालची फट कधी बुजवू देत नाही. ते कोणाला दिसत नाही, गोधडी तेवढी दिसते. कोंडलेल्या खोलीत कोळशाचा वास येत नाही, धूर दिसत नाही, नुसते डोके जड होते आणि माणूस निजतो. येथल्या कस्तुराबाईची सून सासूने अशीच कोंडली होती; मी दार फोडले म्हणून वाचली. तुझा मोटारखाना तर पत्र्याचा, वर कौलही नाही. शेगडी पेटवू नकोस. आम्ही बंब घेऊन येतो. तुझ्या एका होकारासाठी थांबलो आहोत.

तुझी, बया

लोणावळे, ता. १७ डिसेंबर १९३८
॥ श्री ॥

चि. सौ. बयाबाई हीस आशीर्वाद. वि. वि. पडून लिहितो आहे, अक्षर लावून घ्यावे.

तुझे पत्र मिळाले होते. खोटे कशाला लिहू? अक्षर दत्तोबांचे, म्हणून बोलही त्यांचेच वाटले. वाटले, बयाच्या नावावर हे आपलेच घोडे पुढे दामटताहेत. मला भिववून मोटारखान्यात शिरायचे आहे. म्हणून मी फटी बुजवल्याच, उलट दोन गोणपाटे जास्त लावली.

मंगळवारी दिवस कलताना शेगड्या ठेवल्या आणि माशांजवळ बसलो. पाणी खरेच कोमट होत होते. बाशिंगवाले कोपरा सोडून बाहेर आले, त्याचा फार आनंद झाला. मग ते वर येऊन तोंडे उघडू लागले. मला वाटले, खायला मागतात. उठायला गेलो तर पाय माझे नव्हते. विठाबाई हाक मारायला आली, तिने पायाला धरून अंगणात ओढले. दोन दिवस ओकलो. तीसपैकी अठरा मासे गेले. ते वर येऊन सांगत होते आणि मी बसून राहिलो, हे डोळ्यांपुढून हलत नाही.

साहेब आठ दिवसांत येतील. उरलेले बारा जगले पाहिजेत. बंब पाठवून द्यावा. बंबाबरोबर कोणी आलेच तर विठाबाई भाकरी टाकील.

कोंडाजी

वडगाव मावळ, ता. ७ जानेवारी १९३९
॥ श्री ॥

ती. दादास बयाचा शि. सा. न. वि. वि. अक्षर वेगळे पाहून दचकू नकोस. हे पत्र शाळेतल्या प्रमोदिनीबाईंकडून लिहवते आहे, कारण घरात कळू द्यायचे नाही.

हे तुझ्याकडे चार दिवस राहिले. बंब भिंतीबाहेर बसवला, टाक्यांखालून नळ फिरवले, तापलेले पाणी आपोआप वर चढते आणि निवलेले खाली परतते, सगळे मला हाताने करून दाखवले. तू मात्र चार दिवसांत त्यांना काय म्हणालास, तर हातोडी जागेवर ठेवा. हे हसून सांगत होते, पण जेवले कमी.

आता जे सांगायचे ते सांगते. साहेबांचे ह्यांना पत्र आले की मासे तुम्हीच सांभाळायला या, राहायला खोली देतो. ह्यांनी उलट टपाली लिहिले की बंब मला तापवता येतो, पण मासे माझ्या हाताला येत नाहीत, चार दिवस खाणे घालून पाहिले. कोंडाजी नसेल तर ते उपाशी मरतील. तुला कळवू नका, असेही लिहिले. मला ते सांगितले नाही. साहेबांचे पत्र आले तेव्हा हे घरी नव्हते, ते पोस्टमनने मला मोठ्याने वाचून दाखवले आणि ह्यांचे उत्तर मी दाराआडून ऐकले, कारण लिहिताना पुटपुटायची सवय आहे. दादा, आता तरी ताटावर बस.

तुझी, बया

लोणावळे, ता. १६ जानेवारी १९३९
॥ श्री ॥

रा. रा. दत्तोबा यांस कोंडाजीचा सा. न. वि. वि. आपणास स्वतंत्र पत्र लिहिण्याचा प्रसंग बयाच्या लग्नाला एकोणतीस वर्षे होऊनही आला नव्हता, तेव्हा मायना चुकला असल्यास सांभाळून घ्यावे.

साहेबांनी मासे माझ्याच हवाली ठेवले आहेत. काल ते पाहुण्यांना घेऊन मोटारखान्यात आले. पाहुण्यांनी मला विचारले की ही पाणी तापवण्याची सोय कोणाची. मी आधी टाक्या माझ्या असे सांगितले. मग काचा कशा बसवल्या ते सांगितले. मग दुसरे काही सांगायला उरले नाही तेव्हा सांगितले की सोय माझ्या मेहुण्याची. पाहुणे वाहवा करू लागले. मला ती ऐकवेना, म्हणून बंबात कोळसा घालायला बाहेर गेलो. हा माझा स्वभाव आहे. या वयात औषध नाही.

दुसरे असे की आज सकाळी बाशिंगवाल्यांच्या एका जोडीने अंडी घातली. तीन वर्षांत कधी घातली नव्हती. घातली तीही नेमकी तुमचा नळ जिकडून जातो त्या कोपऱ्यात, इकडे एवढी मोकळी काच असताना. मला वाईट वाटले. दुपारपर्यंत वाटत होते. साहेब म्हणतात, दोन-तीन दिवसांत ती फुटतात, नाहीतर आईबापच गिळून टाकतात.

तेव्हा उत्तर लिहीत बसू नये. बयाला सवड नसेल तर एकट्याने यावे, पण सकाळच्या गाडीने यावे. लोभ ठेवा म्हणण्याचे तोंड मला नाही. आपण तो ठेवलात, एवढे मला कळले आहे.

आपला,
कोंडाजी