नूपुरच्या घरची भांडी

२ नोव्हेंबर, रविवार
पुतणी नूपुर नवऱ्यासोबत शहराबाहेर, मिहानजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिथे स्वयंपाक फक्त इंडक्शनवर. भांडी भेट द्यायची जबाबदारी मी घेतली. अशा कामाला अभ्यासू माणूस लागतो. बायको, पुष्पलता, म्हणे, "तिलेच घेऊ द्या ना पसंतीनं!" दुर्लक्ष केले.

४ नोव्हेंबर
इतवारी बाजारातून तांब्याच्या बुडाचा सेट घेतला. काय चकाकी! दुकानदाराने बुडाला चुंबक लावले. पडले. म्हणाला, "काका, हे इंडक्शनवर नाही चालत." दुसरा सेट दाखवला, पण दिसायला अगदीच गरीब. तांबे उष्णता किती छान वाहून नेते, हे मी त्याला समजावले. त्याने सेट बांधून दिला. पटले असावे.

६ नोव्हेंबर
सेट पोचवला. नूपुर म्हणाली, "किती सुंदर, काका!" पुष्पलताने हे ऐकायला हवे होते.

१६ नोव्हेंबर
नूपुरकडे जेवण. तिचे सासू-सासरे आले होते. भाजी फर्मास. भांडी चांगली असली की चव येते, असे मी सगळ्यांना सांगितले. नूपुर ताटातच बघत होती.
मग म्हटले, चहा मीच करतो. सेटमधला गंज, म्हणजे पातेले, ठेवला. शेगडी टीं-टीं करून बंद. पुन्हा लावली, पुन्हा बंद. शेगडीत दोष आहे, असे मी जाहीर केले. सासरे रुपराव म्हणाले, "काहून? आत्ता तर भाजी झाली याच्यावर."
नूपुर लगेच म्हणाली, "नाही बाबा, अडते ती कधी कधी."
बघा! निदान अचूक.

१९ नोव्हेंबर
सुनेची गैरसोय नको म्हणून रुपरावांनी नवी शेगडी आणली. हे ऐकल्यापासून पुष्पलता माझ्याशी बोलत नाही. कारण कळत नाही. थोडे कळते.

२३ नोव्हेंबर
नवी शेगडी बघायला बोलावले होते. रुपरावांनी कौतुकाने माझाच गंज ठेवला. टीं-टीं. ते घाबरले. "वायरिंगच खराब दिसते," म्हणत मीटर बघायला बाहेर गेले.
नूपुर हळूच म्हणाली, "काका, आता तुम्हीच सांगा ना. माझ्याच्यानं नाही होत आता खोटं बोलणं." डोळ्यांत पाणी होते तिच्या. पोरगी एवढे दिवस दुसऱ्याच भांड्यांत रांधत होती आणि मी आलो की माझी वर काढून ठेवत होती.
बाहेर जाऊन सांगितले. शेगडी चांगली आहे, भांडीच चुकली, माझ्यामुळे.
रुपराव हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते. मीटरचे झाकण लावत म्हणाले, "म्हणजे जुनीही चांगलीच होती का जी?"
हो म्हणालो.
ती त्यांनी परवाच भंगारात दिली.