बोटीचा प्राण

तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली
ऑगस्ट अखेर, १९९५

तीर्थस्वरूप शेषगिरी अण्णा यांच्या चरणी धाकट्या मामेभावाचा, सीतारामाचा, साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याला पुण्याची हवा मानवते का, वहिनींचा रक्तदाब उतरला का, हे सवडीने कळवावे. आत्या सुखरूप पोचल्या हे फोनवर कळले, पण एसटीडीचा आकडा पळत असताना माणूस काय विचारणार? प्रवासात त्यांना त्रास झाला नाही ना? त्यांचे सामान नीट उतरले ना? विशेषतः त्यांचा पूजेचा संपुष्ट, त्यातले देव, सगळे जागच्या जागी आहेत ना? (हे सहज विचारले. खाली पुन्हा विचारणार आहे.)

तुमच्या कानावर बातमी आलीच असेल की आडिपेरुक्कूच्या दिवशी, कावेरीच्या नव्या पाण्याच्या सणाला, तिरुवैयारूला माझी बोट बुडाली, आणि बुडाली ती मी बूच लावायला विसरलो म्हणून. अण्णा, यातला पहिला भाग अतिशयोक्त आहे आणि दुसरा साफ खोटा आहे. बोट बुडाली नाही, ती तळाला टेकली. आणि मी विसरलो नाही. ज्या माणसाच्या मनगटावरचे घड्याळ पाहून ही गल्ली आपली घड्याळे लावायची, त्याच माणसाला आता शेजारची विजयलक्ष्मी विचारते, "मामा, घराला कुलूप लावलंत ना? आठवतंय ना?" म्हणून खरे काय घडले ते तुम्हाला सविस्तर लिहितो. देवनागरीत लिहितो, कारण आमच्या घरात ती माझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. (मीही ती चाळिशीत स्वतः शिकलो, हे तुम्ही जाणताच. अक्षरावरच्या रेघा पट्टीने मारल्या आहेत.)

मुळापासून सांगतो. माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटला दोन वर्षांपासून उतरती कळा लागली. पोरे येतात, यंत्रावरून हात फिरवतात आणि विचारतात, कॉम्प्युटर कुठाय? शेवटी एकेक यंत्र निघून गेले आणि शेड रिकामी झाली. त्याच सुमारास पुत्तार कालव्याकाठच्या एका बंद पाहुणेघरामागे मला ही बोट पालथी पडलेली दिसली. कुठल्याशा साहेबाने हौसेने आणलेली फायबरग्लासची मोटारबोट, लांब, निमुळती, तळाला भेग, आणि खाली शेळ्यांचा मुक्काम. रखवालदाराच्या जावयाला कोर्टाबाहेर बसून अर्ज टाइप करायचे होते. मी माझे शेवटचे तमिळ यंत्र दिले (साफ करून, नवी रिबन घालून) आणि बोट आणली. आमच्या सौ. राजलक्ष्मीने दारात पाहिले आणि म्हणाली, "शेळ्यासुद्धा द्यायच्या होत्या म्हणावं, दूध तरी मिळालं असतं."

अण्णा, फायबरग्लास म्हणजे काय हे इकडे कोणाला माहीत नव्हते. मलाही नव्हते. शिकलो. बसस्टँडमागे पाण्याच्या टाक्या बनवणारा एकजण आहे, त्याच्याकडे रोज संध्याकाळी जाऊन उभा राहिलो. तो काचेच्या धाग्यांच्या चटया एकावर एक ठेवतो आणि ब्रशने राळ मारतो. त्याच्या कापून उरलेल्या चिंध्या मी मागून आणल्या आणि मापाने जुळवल्या, एकीची कड दुसरीवर चार बोटे, कुठे तीन नाही, कुठे पाच नाही. राळेत हार्डनर किती घालायचे हे औषधाच्या टोपणाने मोजले. पण डब्यावर लिहिलेले ते प्रमाण थंड मुलखाचे होते आणि मी आमच्या मे महिन्यात काम करत होतो. पहिली राळ भांड्यातच तापली, धूर सोडला आणि दगड झाली. आत ब्रश होता आणि सांबाराची एव्हरसिल्व्हरची, म्हणजे स्टीलची, पळी होती. (पळी अजून तशीच उभी आहे. राजलक्ष्मीने ती पाहुण्यांना दाखवायला समोरच्या तिण्णैवर, ओट्यावर, ठेवली आहे.) दुसऱ्या दिवसापासून हार्डनर निम्मे केले, पहाटे काम केले, आणि ती भेग अशी बुजली की आता कुठे होती ते मला स्वतःला चष्म्याशिवाय सापडत नाही.

मागची फळी, जिच्यावर बोटीच्या यंत्राचा भार येतो, ती आतून कुजून भुसा झाली होती. तिथे इन्स्टिट्यूटच्या टेबलाचे सागवान बसवले. टाइपरायटरखाली घालायची जाड लोकरीचे तुकडे यंत्राखाली घातले, थरथर अर्धी कमी झाली. भोंगा म्हणून टाइपरायटरची घंटा. यंत्र दिले ओरत्तनाडूच्या रघोजीने. शेतकऱ्यांना वीज फुकट झाल्यापासून त्याने विहिरीवर मोटर बसवली आणि रॉकेलचा जुना पंपसेट गोठ्यात पडला होता. त्याने तो एका अटीवर दिला, की बोट पहिल्यांदा चालेल तेव्हा तो स्वतः यंत्राजवळ बसेल. पाण्यात फिरायचा पंखा बाजारात मिळेना, तेव्हा नाचियारकोविलला समया ओतणाऱ्याकडे गेलो. लाकडाचा साचा मीच कोरून नेला होता. त्याने पितळेत सुरेख पाती ओतली, पण मधोमध एक हंस बसवला. मी म्हटले, "अहो, हा पाण्याखाली फिरणार, कोणाला दिसणार?" तो म्हणाला, "सार, आमच्या हातून हंसाशिवाय काही बाहेर जात नाही." तर माझ्या बोटीला हंस आहे, आणि तो उलटसुलट दोन्ही बाजूंनी फिरतो.

मागच्या फळीत खाली एक भोक असते, आत साठलेले पाणी काठावर आल्यावर सोडून द्यायला. त्याचे बूच मीच बनवले. पितळेचे, बारीक आट्यांचे, वर चपटे डोके, खाली रबराचा वॉशर. हे बूच तुम्ही लक्षात ठेवा.

आता पैज. अखिलाने (शिकून आली आहे, मुलगी हुशार आहे, माझ्यावर गेली) शेडमध्ये कॉम्प्युटर क्लास काढायचे ठरवले. मी म्हटले, शेड ही कारखान्याची जागा आहे. राजलक्ष्मीने निकाल दिला. आडिपेरुक्कूला कावेरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला घरच्या मंडळींना बोटीतून नेऊन दाखवा, शेड तुमची. नाहीतर अखिलाची. मी शब्द दिला. यंदा मेट्टूर धरणाचे पाणी उशिरा सुटले, नदीत वाळूच जास्त, बाया घागरी घेऊन पाणी शोधत पायऱ्या उतरायच्या. गल्लीतले लोक मुद्दाम हाक मारून विचारायचे, "काय सीतारामराव, बोटीला चाकं बसवताय का?" पाणी आले. कमरेएवढे आले, पण आले.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेंढ्यावर बोट घालून घाटाच्या पायऱ्यांशी नेली. चित्रान्नाचे डबे, फुले, दिवे, सगळी गर्दी, नवी लग्न झालेली जोडपी आपले लग्नातले हार नदीत सोडायला आलेली. आत्या पायरीवर खुर्चीत. गुरुजींनी वाहनाची पूजा सांगितली आणि चाकाखाली लिंबे ठेवायला चाक शोधू लागले. शेवटी ट्रॉलीच्या चाकाखाली ठेवली. मग आत्या म्हणाल्या, नव्या पात्राला अभिषेक हवा. त्यांचे म्हणणे कोण मोडणार? दूध, पाणी, चंदन, सगळे बोटीच्या आत. गुरुजी म्हणाले, अभिषेकाचे तीर्थ साचून राहू नये. तेव्हा मी, सर्वांदेखत, माझ्या हाताने ते बूच काढले.

अण्णा, त्या क्षणी तुम्ही तिथे हवे होता. मागच्या भोकातून एकच धार, सरळ, देवळाच्या गोमुखातून यावी तशी, आणि बोटीच्या अंगावर दुसरीकडे कुठे एक थेंब झिरपला नाही. लोकांनी ओंजळी धरून रांग लावली. ज्यांनी महिनाभर "हे बोट की गुरांची पाण्याची तोट्टी?" म्हणून विचारले होते, तेही रांगेत होते. मला थोडे भरून आले. आत्यांनी माझ्या हातातले बूच पाहून विचारले, "हे काय रे, सीताराम?" आणि मी, त्या भरात, म्हणालो, "आत्या, हा या बोटीचा प्राण." त्यांनी पाहायला हात पुढे केला, मी हातावर ठेवले. इतक्यात रघोजी ओरडला, "अहो, यंत्र चालू झालं, या लवकर!" आणि मी धावलो.

पुढचे सगळ्यांनी पाहिले. राजलक्ष्मी, अखिला, डबे आणि रघोजी यांना घेऊन बोट निघाली आणि, मी अभिमानाने लिहितो, सुसाट गेली. घाटावर टाळ्या. मी घंटा वाजवली. वेगात असताना बोटीचे नाक वर असते आणि मागचे भोक पाणी घेत नाही, उलट सोडते. (हे मला नंतर विचार करून कळले.) ती तशीच पैलतीराला लागली असती. पण मध्यावर कोणा नवदांपत्याचा गुलाबाचा हार हंसाच्या गळ्यात पडला, मग दुसऱ्यांचा, मग यंत्र गुरगुरून थांबले. आणि थांबलेल्या बोटीला भोक असले तर पाणी आत येते. हा बोटीचा दोष नाही, पाण्याचा स्वभाव आहे.

राजलक्ष्मीने पायाशी पाहिले. "काय हो, अभिषेक परत सुरू झाला का?" मग तिने मागे पाहिले, मग काठावर पाहिले, आणि साऱ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घंटा आठवली, हंस आठवला, बूच तेवढं लावायला विसरलात!" बोट सावकाश, सरळ, कुठेही न कलता वाळूवर टेकली (तोल माझा किती अचूक, पाहा) आणि आम्ही कमरेएवढ्या पाण्यात बसून राहिलो. रघोजी म्हणाला, "यंत्र मात्र चांगलंय." चित्रान्नाचा डबा तरंगत पैलकाठाला गेला. कावेरी ओलांडणारे आमच्यातले तेवढेच.

मी शब्दाचा पक्का आहे. शेड दिली. अखिलाचे कॉम्प्युटर आले तेव्हा टेबले पाणसळ लावून मीच समतल केली आणि लोकरीचे उरलेले तुकडे खाली घातले. (कॉम्प्युटर थरथरत नाहीत असे ती म्हणते. बघू.) बोट आता तिरुवैयारूला ओळखीच्यांच्या नारळाच्या बागेत आहे. मी नवे बूच केले आणि पुढल्याच आठवड्यात, गर्दी नसताना, नदी जाऊन-येऊन ओलांडली. राजलक्ष्मी सोबत होती. दोन्ही खेपांना ती मागे तोंड करून बसली होती आणि तिचा पायाचा अंगठा बुचावर होता. पण ते पाहायला कोणी नव्हते. लोकांना आठवते ते घाटावरचे एक वाक्य. अखिलाचे विद्यार्थी मला बूच मामा म्हणतात.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कृपा असू द्यावी.

आपला,
सीताराम

ता. क. आता मूळ काम. आत्या दुपारी झोपतात तेव्हा त्यांचा संपुष्ट हळूच उघडून पाहावा. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम यांच्या शेजारी एक पितळी वस्तू असेल, हळदकुंकू लावलेली, जिला चेहरा नाही आणि पायाला आटे आहेत. चूक होऊ नये म्हणून समासात मापासह आकृती काढली आहे. आत्यांचा काही दोष नाही. प्राण आहे म्हणून मीच हातावर ठेवला. प्राण कोणी खिशात ठेवील का?

ता. क. २. ती वस्तू काढून घेऊ नका, आत्यांना विचारूही नका. फक्त राजलक्ष्मीला एक कार्ड टाका, तमिळमध्ये (विसरला नसाल), की बूच पुण्यात आहे, तुम्ही डोळ्यांनी पाहिले, आणि सीताराम विसरला नव्हता. कार्डच टाका, पाकीट नको. कार्ड पोस्टमन वाचतो, आणि पोस्टमनने वाचले की गल्लीने वाचले.

ता. क. ३. वरचे कार्ड टाकू नका. आत्ता राजलक्ष्मी कॉफी ठेवायला आली. तिला हे अक्षर वाचता येत नाही, पण आकृती वाचता येते. म्हणाली, "पुण्याला बूच मागताय?" तिला पहिल्यापासून माहीत होते. बोटीत पाणी आले तेव्हा तिने काठावर पाहिले, तर आत्या ते पदराने पुसून संपुष्टात ठेवत होत्या. मी विचारले, मग साऱ्या घाटासमोर माझे नाव का घेतलेस? तर म्हणते, "कोणाचं तरी घ्यायला हवं होतं. त्या ऐंशीच्या पुढच्या, पुण्याहून एवढ्या लांब तुमची बोट बघायला आलेल्या. लोकांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं असतं तर? तुम्ही काय, घरचेच." कॉफी चांगली होती.

तेव्हा अण्णा, बूच तिथेच राहू द्या. आत्या रोज फूल वाहत असतील तर वाहू द्या. मात्र त्याखाली रबराचा वॉशर आहे, तो जमल्यास सोडवून पाठवावा. त्याची पूजा करण्याचे काही कारण नाही, आणि नव्या बुचाला तसा नेमका बसणारा दुसरा मिळत नाही.