जमिनीला जखडलेली भिंत सोडवू देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य इमारत अधिकारी,
ड्राय क्लोव्हर काउंटी, कोलोरॅडो.

विषय : आपल्या निरीक्षकांच्या आदेशाने जमिनीला आवळलेली तळघरातील भिंत सोडवण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या दोन नोटिसा. मजकूर परस्परविरुद्ध, सही एकच.

महोदय,

१. माझे वडील फ्रँक झुपान यांना जिना चढवेना, म्हणून उताराकडून सरळ आत येता येते अशा आमच्या तळघरात मी त्यांच्यासाठी खोली व न्हाणीघर काढले. मधली भिंत लाकडी चौकटीची. इथली माती बर्फ वितळले की फुगते आणि फरशी वर येते, हे इथे शेंबडे पोरही जाणते. म्हणून सगळ्यांसारखीच आम्हीही चौकट वरच्या तुळयांना टांगली व खाली दोन बोटे फट ठेवली.

२. आपले निरीक्षक श्री. प्रुइट समुद्रकाठच्या राज्यातून नव्याने आलेले. ते म्हणाले, "बाई, ही भिंत आहे की वाळत घातलेली चादर? खाली बोल्ट ठोका." मी फुगणाऱ्या मातीचे सांगितले. "माती मला शिकवू नका," म्हणाले. अखेर फट बुजवून बोल्ट ठोकले आणि भिंत तपासणीत उत्तीर्ण झाली.

३. एप्रिलमध्ये फरशी फुगली व भिंतीला घेऊन वर आली. आठवडाभर घासणारे न्हाणीघराचे दार एका सकाळी वडील आत असतानाच घट्ट अडकले. शेजाऱ्याने करवतीने दार कापेपर्यंत ते आतून ओरडत होते, "अर्लीन, कॉफी तरी दे गं फटीतून!" फट कुठली, महोदय? ती तर आपण बुजवलीत.

४. त्यानंतर श्री. प्रुइट यांनीच दुसरी नोटीस बजावली : भिंतीखाली फट नाही, सबब खोली राहण्यास अयोग्य. दुरुस्तीची परवानगी मागितली, तर उत्तर आले की भिंत उत्तीर्ण असल्याने दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. नवी भिंत मागितली, तर म्हणे आधी जुनीचा दोष दूर करा. करू कशाने, आपल्या शिक्क्याने?

५. वडिलांना मी दूरच्या वृद्धाश्रमात ठेवले आहे. दर रविवारी मी गेले की ते टोपी घालून तयार असत आणि विचारत, "सुटली का भिंत? चल मग." या रविवारी ते टोपी न घालता पलंगावर बसून होते. भिंतीचे त्यांनी विचारलेच नाही. मला म्हणाले, "उन्हं उतरायच्या आत घरी जा गं."

तरी बोल्ट कापण्याची परवानगी याच आठवड्यात द्यावी, ही विनंती.

आपल्या आदेशाचे पालन करून बसलेली,
अर्लीन झुपान
१९ जून

सोबत : दोन्ही नोटिसा, कापलेल्या दाराचे छायाचित्र.